रोटेनबुर्गची फसील आणि नावांचे दगड

युरोप सहलींच्या जाहिरातींत एक गाव हमखास दिसतं. लाल कौलांची उतरती छपरं, भिंतींत लाकडी तुळयांची चौकट मिरवणारी घरं, एका जागी दुभंगणारा रस्ता आणि दोन्ही फाट्यांच्या टोकाला एकेक बुरूज. हे जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातलं रोटेनबुर्ग, टाउबर नदीच्या वरच्या टेकाडावर वसलेलं. वस्ती जेमतेम अकरा हजारांची आणि पाहुणे त्याच्या कितीतरी पट. जर्मनीत नोकरीला असलेली आपली मराठी मुलंही नाताळच्या सुटीत तिथे जातात, बारा महिने नाताळच्या वस्तू विकणाऱ्या दुकानापुढे फोटो काढतात आणि घरच्या ग्रुपवर टाकतात. गाव सुंदर आहे यात वाद नाही. पण त्याच्या तटबंदीची गोष्ट जगाला अर्धीच सांगितली जाते, आणि जी गाळली जाते ती गोष्ट जास्त मोलाची आहे, असं माझं मत आहे.

शिक्षकखोलीत हा विषय काढला तेव्हा एक सहकारी म्हणाले, "मॅडम, जर्मनीच्या गावाचं तुम्हाला काय पडलंय?" प्रश्न रास्त आहे. पण मी एका तासाला मराठी आणि दुसऱ्या तासाला उर्दू शिकवते. किल्ल्यांवरचा धडा आला की एकाच वस्तूची दोन-दोन नावं फळ्यावर लिहावी लागतात. मराठीतला तट म्हणजे उर्दूतली फसील. खंदक मात्र दोन्हीकडे खंदकच. आमच्या घरांत तो शब्द फार लवकर कानावर पडतो, गजवा-ए-खंदकच्या निमित्ताने. मदिनेच्या बचावासाठी खंदक खणायची कल्पना हजरत सलमान फारसी (रजि.) यांची. म्हणजे शहर वाचवण्याची युक्ती दूर इराणातून आलेल्या माणसाने सुचवली होती. हे एवढ्यासाठी लिहिलं की, तट आणि परका माणूस यांचं नातं दिसतं तितकं सरळ नसतं. रोटेनबुर्गमध्ये तर ते पार उलटंपालटं झालेलं आहे.

आधी तट बघू. 1142 च्या सुमारास होहेनश्टाउफेन घराण्याच्या कोनराड राजाने नदीच्या वळणावर गढी बांधली. गढीच्या मागे बाजारपेठ वाढली आणि पेठेभोवती पहिला तट उठला. त्या पहिल्या तटाचे मार्कुस बुरूज आणि पांढरा बुरूज आज गावाच्या ऐन मध्यात उभे आहेत. अनोळखी माणसाला कोडं पडतं की, भर वस्तीत वेस कशासाठी? गाव वेशीबाहेर वाढत गेलं, मग बाहेरच्या वस्तीला कवेत घेणारा दुसरा, मोठा तट घालावा लागला. दक्षिणेला रस्त्याच्या कडेला एक इस्पितळ होतं, धर्मादाय, वाटसरूंसाठी आणि आजाऱ्यांसाठी. चौदाव्या शतकाच्या अखेरीस तटाने तेही आत घेतलं. त्यामुळे नकाशात गावाला एक लांबुडकं शेपूट फुटलेलं दिसतं. तिथले लोक त्या भागाला टोपीचं टोक म्हणतात.

ज्यांनी आपले किल्ले पायी बघितले आहेत त्यांना या तटाची भाषा लगेच कळेल. तटाच्या आतल्या अंगाने फांजी आहे, आणि ती कौलांनी शाकारलेली, म्हणजे पहारेकऱ्याला पाऊस आणि बर्फ लागू नये. सुमारे अडीच किलोमीटर या फांजीवरून आजही चालता येतं. भिंतीत जंग्या आहेत. बुरूज चाळीसच्या वर. पश्चिमेच्या बुर्ग दरवाजाच्या बाहेरच्या अंगावर एक दगडी मुखवटा आहे. त्याच्या तोंडातून हल्लेखोरांवर उकळतं डांबर ओतत, असं सांगतात. त्याच दरवाजाच्या भल्या थोरल्या फळीत एक माणूस वाकून जाईल एवढी दिंडी आहे. रात्री वेस बंद झाल्यावर आत घ्यायचंच झालं तर तेवढ्यातून, एकेकाला. दक्षिणेची श्पिटाल बुरूजबंदी नंतरची, तोफांच्या जमान्यातली. आठाच्या आकड्यासारखा आकार आणि ओळीने सात दरवाजे. आपल्याकडे दरवाजासमोर जिभी घालून शत्रूची वाट वाकडी करतात, तोच विचार. उत्तरेला सेंट वोल्फगांगचं चर्च चक्क तटाचाच भाग आहे. आत वेदी आणि बाहेरच्या भिंतीला मारगिरीची भोकं. शेजारच्या क्लिंगन बुरुजात गावाची पाण्याची टाकी होती. प्रार्थना, पाणी आणि तोफ एका कोपऱ्यात. गंमत वाटते, पण वेढ्यात अडकलेल्या गावाला याच तीन गोष्टी लागत असणार.

एवढ्यावर न थांबता रोटेनबुर्गने पंधराव्या शतकात आपल्या ताब्यातल्या खेड्यांभोवतीही मातीचे बांध, चर आणि काटेरी कुंपण घातलं. साठेक किलोमीटर लांबीचं. कुंपणाची एवढी हौस असलेलं गाव विरळाच.

आता विचारायचं ते हे की, या तटाने कोणाला अडवलं?

1407 साली न्यूरेंबर्गचा सरदार आणि वुर्त्सबुर्गचा बिशप चालून आले, तेव्हा तट टिकला. पण ज्या हाइनरिश टॉपलर नावाच्या महापौराने गाव मोठं केलं, त्यालाच पुढच्या वर्षी गावाने नगरसभेच्या तळघरात कोंडलं आणि तो तिथेच मेला. 1525 च्या शेतकरी उठावात गाव बंडखोरांच्या बाजूला गेलं. उठाव चिरडल्यावर भर बाजारचौकात मुंडकी उडाली. 1631 मध्ये, तीस वर्षांच्या युद्धात, कॅथॉलिक सेनापती टिलीने गाव घेतलं. 1645 मध्ये फ्रेंच सेनापती तुरेनने घेतलं. तोफा आल्यावर तटाचं काही चाललं नाही, असा याचा सरळ अर्थ.

टिलीच्या स्वारीवरच गावाची आवडती गोष्ट रचलेली आहे. टिली गाव जाळायला निघाला होता. त्याच्यापुढे सव्वातीन लिटरचा वाइनचा प्याला ठेवण्यात आला. तो गंमतीने म्हणाला, हा कोणी एका घोटात संपवला तर गाव सोडतो. नुश नावाच्या माजी महापौराने तो संपवला आणि गाव वाचलं. त्या काळच्या नोंदींत या पैजेला आधार नाही. 1881 मध्ये यावर नाटक बसवलं गेलं आणि ते आजही दरवर्षी पेंटेकॉस्टच्या सणाला होतं. चौकातल्या घड्याळाच्या खिडक्या ठरलेल्या वेळी उघडतात, एका खिडकीत टिली, दुसरीत प्याला उचलणारा नुश. खाली शेकडो माणसं मोबाइल वर करून उभी. दारूचा विषय आहे म्हणून मी नाक मुरडते असं कोणी समजू नये. गावोगावी अशा दंतकथा असतात आणि त्यात गोडवाही असतो. माझी तक्रार आहे ती, जे खरोखर घडलं त्याला घड्याळात खिडकी नाही, याबद्दल.

घडलं ते असं. 1274 साली रुडोल्फ राजाने रोटेनबुर्गला स्वतंत्र शाही शहराचा दर्जा दिला. मधे कोणी सरदार नाही, थेट सम्राटाशी नातं. गावाच्या अभिमानाचं हे मूळ. त्याच काळात या गावात एक ज्यू धर्मपंडित राहत होते, रब्बी मेइर बेन बारूख. जर्मनीभरातून आणि बाहेरूनही त्यांच्याकडे मसले येत आणि त्यांची उत्तरं जात. आपल्याकडे दारुल-इफ्ताला प्रश्न पाठवतात तसंच. तरुणपणी पॅरिसमध्ये शिकत असताना, 1242 साली, तल्मूदच्या गाड्याच्या गाड्या जाळल्या गेल्या तेव्हा ते तिथे होते आणि त्यावर त्यांनी मर्सिया लिहिला. मर्सियाच म्हणते, दुसरा शब्द सुचत नाही. आजही तो त्यांच्या शोकदिनी म्हटला जातो.

ज्यू हे राजाच्या खजिन्याची मालमत्ता आहेत, असा त्या राज्यातला कायदा होता. 1286 मध्ये रब्बी मेइर कुटुंबासह देश सोडून निघाले, तर वाटेत पकडले गेले. पकडून ठेवणारा राजा तोच, रुडोल्फ. मालमत्ता पळून जाते म्हणजे काय! ज्यू समाजाने खंडणी जमवली. रब्बींनी ती भरू दिली नाही. एकदा भरली की, उद्या प्रत्येक सरदार एकेक रब्बी पकडेल, हा त्यांचा हिशेब. ते 1293 मध्ये कैदेतच वारले. आणि मग मृतदेहही अडवून ठेवला. चौदा वर्षं. आमच्याकडे मय्यतीला संध्याकाळ झाली तरी जीव कासावीस होतो. ज्यूंचा रिवाजही तसाच, लवकरात लवकर दफन. 1307 मध्ये अलेक्झांडर विम्पफेन नावाच्या व्यापाऱ्याने पैसे मोजून तो मृतदेह सोडवला आणि बदल्यात एवढंच मागितलं की, मला त्यांच्या शेजारी जागा द्या. व्होर्म्सच्या कब्रस्तानात त्या दोन कबरी शेजारी-शेजारी आहेत. सव्वातीन लिटर वाइनपेक्षा ही गोष्ट मोठी नाही का?

दरम्यान 1298 मध्ये रिंटफ्लाइश नावाच्या माणसाच्या टोळ्यांनी फ्रांकोनियाभर ज्यूंची कत्तल केली. ज्यूंनी पवित्र प्रसादाची विटंबना केली, एवढी अफवा पुरली. रोटेनबुर्गमध्ये सुमारे साडेचारशे माणसं मारली गेली. जीव वाचवायला ती गढीच्या आवारात शिरली होती, असं सांगतात. म्हणजे तटाच्या आत, आणि त्यातही सगळ्यात सुरक्षित जागी. आज तिथे बाग आहे, नदीचा देखावा दिसतो, आणि एक स्मृतिदगड आहे.

तरीही ज्यू परत आले. 1371 पासून एक नवी गल्ली वसली, युडनगासे, ज्यूंची गल्ली. ती कुठे वसली? पहिल्या तटाचा निरुपयोगी झालेला खंदक बुजवून त्या भरावावर. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त विचार करायला लावणारी जागा हीच वाटते. मराठीत 'गावकुसाबाहेर' हा शब्द आहे. गावकूस म्हणजेच गावाचा तट, आणि कोणाला बाहेर ठेवलं होतं हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. रोटेनबुर्गचे ज्यू गावकुसाबाहेर नव्हते. ते जुन्या गावकुसावरच राहत होते, वेशीच्या उंबऱ्यावर. त्यांच्या गल्लीत ख्रिस्ती कुटुंबंही राहत होती. दारं शेजारी-शेजारी होती. दीडशे वर्षं हे चाललं.

मग योहानेस टॉयश्लाइन नावाचा धर्मोपदेशक आला आणि व्यासपीठावरून विष ओकू लागला. 1520 च्या सुरुवातीला सगळ्या ज्यूंना गाव सोडावं लागलं. त्यांच्या प्रार्थनागृहाचं मारियाचं चॅपल झालं. कब्रस्तान मोडलं आणि कबरींचे दगड दगड म्हणून वापरले गेले. हिब्रू अक्षरांत नाव, बापाचं नाव, वारल्याची तारीख कोरलेले ते दगड. खुद्द टॉयश्लाइन पाच वर्षांनी शेतकरी उठावाच्या बाजूने सापडला आणि त्याचंही डोकं उडवलं गेलं. त्यात मला कसलंही समाधान वाटत नाही.

म्हणून माझं म्हणणं: रोटेनबुर्गचा तट बाहेरच्या फौजांपुढे पडत राहिला. त्याच्या वेशी ठामपणे बंद झाल्या त्या आत राहणाऱ्यांवरच. ज्यूंना पुन्हा तिथे घर करायला साडेतीनशे वर्षं लागली.

गाव जपलं कसं गेलं याचीही एक बाजू सांगायला हवी. ती कोणाच्या सौंदर्यदृष्टीने जपली नाही, दारिद्र्याने जपली. तीस वर्षांच्या युद्धानंतर गावाकडे पैसाच उरला नाही. जुनं पाडून नवं बांधायला खर्च लागतो. 1802 मध्ये बव्हेरियाने गाव ताब्यात घेतलं, तेव्हा ते एका आडबाजूच्या तालुक्यासारखं झालेलं होतं. एकोणिसाव्या शतकात चित्रकारांना ते सापडलं, 1873 मध्ये रेल्वेचा फाटा आला, आणि मग दारिद्र्याचीच मिळकत सुरू झाली.

ही मिळकत नाझींनी ओळखली. सगळ्यात जर्मन असं जर्मन गाव म्हणून त्यांनी रोटेनबुर्गला डोक्यावर घेतलं, कामगारांच्या सहली तिथे नेल्या. तटाच्या वेशींवर ज्यूंच्या द्वेषाचे फलक लागले. आणि 22 ऑक्टोबर 1938 ला, देशभर प्रार्थनागृहं जाळली गेली त्या रात्रीच्या काही आठवडे आधीच, गावातले उरलेसुरले ज्यू हाकलले गेले. 1520 ची पुनरावृत्ती, फक्त या वेळी आगगाडीची सोय होती.

31 मार्च 1945 ला अमेरिकी विमानांनी गावाच्या पूर्व भागावर बाँब टाकले. 39 माणसं मेली, तीनशेच्या वर घरं आणि तटाची सहाशे मीटरहून जास्त भिंत गेली. मरणारे साधे गावकरी होते आणि त्यांच्या मरणाचं दुःख करायला मला कोणत्याही जुन्या हिशेबाची अडचण होत नाही. पुढे सैन्य जवळ आलं तेव्हा अमेरिकेचे युद्ध खात्याचे सहायक सचिव जॉन मॅक्लॉय यांनी या गावावर तोफा डागू नका असं सांगितलं. त्यांच्या आईला हे गाव आवडत असे, घरात त्याचं चित्र होतं, असं सांगितलं जातं. जर्मन मेजरनेही शेवटपर्यंत लढण्याचा वरचा हुकूम मोडला आणि गाव न लढता सोडलं. पुढे रोटेनबुर्गने मॅक्लॉय यांचा मानाने गौरव केला. पर्यटकांना हे आवर्जून सांगतात.

पण 1944 मध्ये ज्यू संघटना विनवत होत्या की, आउश्वित्सकडे जाणाऱ्या रेल्वेवर बाँब टाका, तेव्हा नकाराची पत्रं याच मॅक्लॉय यांच्या सहीने गेली. दोन्ही निर्णय सारखे नव्हते हे मला मान्य आहे. एकात तोफा थांबवायच्या होत्या, दुसऱ्यात विमानं पाठवायची होती, आणि लष्कराची स्वतःची कारणं होती. तरी मन अडतं. भिंतीवर ज्याचं चित्र टांगलेलं असतं त्याच्यासाठी माणूस फोन उचलतो. आगगाडीच्या डब्यात कोंडलेल्यांचं चित्र कोणाच्या आईच्या घरात नव्हतं.

युद्धानंतर तट पुन्हा बांधला तो देणग्यांतून. ज्याने जेवढे मीटर दिले त्याचं नाव दगडावर कोरून भिंतीत बसवलं. माझा एक जुना विद्यार्थी तिकडे नोकरीला आहे, त्याने फांजीवरून चालत जाऊन या दगडांचे फोटो पाठवले. अमेरिकेतली कुटुंबं, जर्मन कंपन्या, आणि जपानी नावं तर खूप. मला ही पद्धत मनापासून आवडली. आम्ही हे नव्याने बांधलं आहे, कोणाच्या पैशाने बांधलं आहे, हे भिंतच सांगते. आपल्याकडे जीर्णोद्धाराच्या नावाखाली सिमेंट फासून वर जुनेपणाचा रंग देतात, त्यापेक्षा हा प्रामाणिकपणा शंभर पटीने बरा. पण या नावांच्या दगडांकडे बघताना ते दुसरे नावांचे दगड डोळ्यांपुढे आल्यावाचून राहत नाहीत. हजारो मैलांवरच्या जपानी माणसाचं नाव भिंतीत मानाने बसतं. दीडशे वर्षं शेजारी राहिलेल्यांची नावं बांधकामाचा माल होतात.

काही जण म्हणतील, माणसं चार घटका मजेसाठी जातात, त्यांना हे कशाला? आणि गावाने यातलं काहीच लपवलेलं नाही, हेही खरं आहे. संग्रहालयात ते हिब्रू दगड मांडलेले आहेत, पांढऱ्या बुरुजाशेजारी रब्बी मेइर यांच्या नावाची छोटी बाग आहे, युडनगासेतली जुनी घरं डागडुजी करून राखलेली आहेत. मध्ययुगातली अशी ज्यू गल्ली युरोपात फार थोड्या ठिकाणी शिल्लक आहे. माझा आक्षेप क्रमाबद्दल आहे. नुशचा प्याला आधी, ठळक, दिवसातून अनेकदा. रब्बी मेइर शेवटी, वेळ उरला तर. मुलांना इतिहास शिकवताना आम्ही शिक्षकही हेच करतो. लढाई तोंडपाठ करून घेतो आणि गाव सोडून गेलेल्यांवर प्रश्न येत नाही म्हणून तो परिच्छेद घरी वाचायला सांगतो.

तेव्हा जर्मनीत असलेल्या, तिकडे जाणाऱ्या मराठी वाचकांना एक सुचवते. फांजीवरून जरूर चाला, पूर्वेच्या बाजूने चाललात तर देणगीदारांची नावं वाचता येतील. घड्याळही बघा. मग पांढऱ्या बुरुजापाशी जा. कमानीला लागून डाव्या-उजव्या हाताला शोधलंत तर ती बाग सापडेल. तिच्या भिंतीत जुन्या कबरींच्या दगडांच्या प्रतिकृती बसवल्या आहेत. तिथून युडनगासे दोन पावलांवर आहे. गल्लीत शिरल्यावर लक्षात ठेवा, तुम्ही चालताय ती जमीन म्हणजे बुजवलेला खंदक आहे.